बाबांची काळी सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर

सांगलीत जुन्या घराच्या जिन्याखाली हात घातला तर पितळी घंगाळ, मोडका पाळणा आणि सायकल यांपैकी काहीतरी हाताला लागतंच. घंगाळ आणि पाळण्यातलं मला काही कळत नाही. सायकलीतलं थोडंफार कळतं, कारण गेल्या काही वर्षांत मी चार जुन्या सायकली उघडल्या. त्यातल्या तीन आज चालतात, एक मी हातानं वाया घालवली. तिची गोष्टही पुढे येईल, कारण नव्या माणसाला तीच जास्त उपयोगाची आहे.

चाळिशी-पन्नाशीला पोचल्यावर ज्यांना अचानक लहानपणच्या सायकलीची आठवण यायला लागते, आणि ज्यांनी आजवर पंक्चरसुद्धा स्वतः काढलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एका बाबतीत आपलं नशीब चांगलं. सांगली ते मिरज रस्ता जवळजवळ सपाट. साताऱ्याच्या मावसभावांना पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना उतरून सायकल ढकलावी लागायची, आणि सुट्टीत इकडे आले की आमच्याकडे बघून ते जळायचे. बिनगिअरची जुनी सायकल चालवायला यापेक्षा सोयीचं गाव मिळणार नाही.

आधी स्वतःला विचारा, आठवतंय ते नक्की काय

‘लहानपणची सायकल’ म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळी सायकल असते. कुणाला तासावर भाड्यानं मिळणारी ती छोटी, सीटचं रेक्झिन फाटलेली सायकल आठवते. कुणाला वडिलांची २४ इंची काळी सायकल, जिच्या नळीखालून पाय घालून आपण हाफ पायडल शिकलो. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना जाड टायरची रेंजर किंवा स्ट्रीटकॅट आठवते, आणि माझ्या बहिणीला तिची पुढं टोपली लावलेली लेडीबर्ड. या प्रत्येक आठवणीवरचा उपाय वेगळा आहे, खर्चही वेगळा.

छोट्या सायकलीचा विचार सोडूनच द्या. २० इंची चाकाची सायकल तुम्ही दहा वर्षांचे असताना तुमच्या मापाची होती. आज त्यावर बसलात तर गुडघे हँडलला लागतील. ती दुरुस्त करायचीच असेल तर घरातल्या लेकरासाठी करा.

मोठ्यांच्या काळ्या सायकलीतही दोन मापं असतात, २२ आणि २४. हे माप चाकाचं नाही, फ्रेमच्या उंचीचं. चाक दोन्हीला २८ इंचीच. सायकल दोन पायांमध्ये घेऊन, चपला घालून जमिनीवर सरळ उभे राहा. वरची नळी आणि तुमच्यात दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर ती सायकल वडिलांची असो की आजोबांची, रोज चालवण्याजोगी नाही. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसानं २२ इंचीच बघावी.

मला स्वतःला आठवत होता तो आवाज. आयर्विन पुलावरून टिळक चौकाकडे येताना बाबा पायडल थांबवायचे आणि मागच्या फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राची, किरकिर सुरू व्हायची. मी पुढं नळीवर बसलेला असायचो. आवाजच हवा होता हे कळल्यावर निम्मे प्रश्न सुटले. चकाकी नको, रंग नको, नवं सीट नको. चाकं, चेन आणि फ्रीव्हील नीट फिरलं की काम झालं. तुम्हाला काय हवंय ते एका वाक्यात कागदावर लिहा, कारण दुकानात उभं राहिल्यावर माणूस भलतंच काहीतरी विकत घेऊन येतो.

सायकल कुठं मिळेल

आधी स्वतःच्या घरात आणि नातेवाइकांच्या माळ्यावर बघा. मग गवळी, पेपर टाकणारे, बंद पडलेली भाड्याची दुकानं, आणि शेवटी भंगारवाला. भंगारवाला वजनावर घेतो आणि तुमच्या डोळ्यांतलं प्रेम बघून भाव सांगतो, म्हणून तिथं चेहरा कोरा ठेवा.

बाहेरून घेताना साध्या कागदावर पावती लिहून घ्या. देणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि फ्रेमचा नंबर. नंबर बहुधा सीटखालच्या नळीवर वरच्या टोकाला किंवा सायकल उलटी केल्यावर पायडलच्या धुऱ्याच्या नळीवर ठोकलेला असतो. रंगाखाली दबला असेल तर ओल्या फडक्यानं पुसून टॉर्च तिरका धरा.

पुढच्या नळीवर कंपनीचा पत्र्याचा बिल्ला असतो. तो असेल तर आनंद, नसेल तरी बिघडत नाही. अ‍ॅटलस सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झाली, हीरो लुधियानाला १९५६ मध्ये सायकली करू लागली, टीआय कंपनी मद्रासला १९४९ मध्ये स्थापन झाली आणि हर्क्युलस, बीएसए ही नावं तिच्याकडून आली, सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला. पण काळी सायकल म्हणून या सगळ्यांनी जे बनवलं ते एकाच इंग्लिश रोडस्टरच्या साच्यातलं. त्यामुळे एकीचे छर्रे, कॉटर पिना, तारा, टायर दुसरीला बसतात. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला तेव्हा मला बऱ्याच जणांनी विचारलं, आता पार्ट कुठून आणायचे? नाव कोरलेलं चेनव्हील मिळणं अवघड झालं हे खरं. बाकी सायकल पेठेतल्या कुठल्याही दुकानातल्या डब्यांतून उभी राहते.

नगरपालिकेच्या सायकल-कराचा जुना बिल्ला एखाद्या सायकलीला अजून लटकलेला सापडतो. तो काढून ठेवू नका, तिथंच राहू द्या.

फ्रेम सरळ आहे का, हे दोऱ्यानं बघा

इथं घाई केली तर पुढचे सगळे पैसे पाण्यात. टायर, चेन, सीट बदलता येतं. वाकलेली फ्रेम सरळ करणारा माणूस आता सहज सापडत नाही.

आधी पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो दोन पायांचा भाग, बघा. सायकलीच्या बाजूला दहा पावलांवर उभे राहा. पुढची नळी तिरकी उतरते, तिच्याच रेषेत चिमटा खाली येऊन शेवटी हलकासा पुढे वळलेला दिसला पाहिजे. तो मागे, चाकासकट पायडलकडे गेल्यासारखा दिसला, तर सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे. मग वाकून खालच्या तिरप्या नळीला पोटाकडून हात लावा, हँडलच्या नळीला ती जिथं मिळते त्याच्या दोन बोटं मागे. तिथं रंगाला सुरकुती किंवा हाताला फुगवटा लागला तर ती सायकल सोडून द्या.

आता दोरा. चार-पाच मीटर शिवणकामाचा जाड दोरा घ्या. मागचं चाक ज्या खाचेत बसतं तिथं एका बाजूला तो बांधा. तिथून पुढे नेऊन हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूनं परत मागच्या दुसऱ्या खाचेला ताणून बांधा. सीटच्या नळीच्या डावीउजवीकडून दोरा जाईल. पट्टी घेऊन दोन्हीकडचं दोरा ते नळी अंतर मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येणार नाही आणि हात सोडला की सायकल एका बाजूला जाईल. या तपासणीला दहा मिनिटं आणि दोन रुपयांचा दोरा लागतो, तरी माझ्या ओळखीत कुणीच हे करत नाही.

सांगलीकरांसाठी वेगळी तपासणी

सांगलीतली जुनी सायकल म्हटलं की एक प्रश्न विचारायलाच हवा : ही पाण्यात होती का? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट, म्हणजे किती ते बघा. गावभागातल्या आमच्या घरात खालचा मजला पाण्यात होता. पाणी उतरल्यावर आम्ही फ्रीज धुतला, गाद्या फेकल्या, भिंती खरवडल्या. जिन्याखालच्या सायकलीकडे कुणी बघितलंच नाही. पुढं दोन-अडीच वर्षांनी मी ती बाहेर ओढली.

पुरातली सायकल बाहेरून फसवते. पाण्यानं काळा रंग जात नाही, त्यामुळे फडकं मारल्यावर ती छान दिसते. गाळ असतो नळ्यांच्या आत. सीटचा दांडा उपसून काढा आणि सायकल उलटी धरून हलवा. माझ्या सायकलीतून चहाच्या चोथ्यासारखा तांबूस चुरा पडला, आणि मग एक वाळलेली गोगलगाय. नळीत काडी घालून बघा, गंज पापुद्र्यांनी सुटत असेल तर बारीक हातोडीनं नळीवर टकटक करत खालपर्यंत जा. टणक आवाज हवा. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर फ्रेम आतून खाल्ली गेली आहे.

सीटचा दांडा निघतच नसेल तर जोर लावू नका. सांध्यावर डिझेल आणि थोडं पातळ ऑइल सोडा आणि रोज सकाळी पुन्हा सोडा. माझा दांडा पाचव्या दिवशी हलला. दोन माणसांनी पहिल्याच दिवशी पकड लावली असती तर नळी पिळवटली असती.

खोलणं

सायकल दुकानात ‘ओव्हरऑइलिंग’ करून द्या म्हणून टाकून येणं हा एक मार्ग आहे. माझं मत, पहिल्या वेळी मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसा आणि एक बाजू त्यांच्याकडून, दुसरी बाजू आपल्या हातानं करा. आमच्या पेठेतल्या मिस्त्री मामांनी मला हे करू दिलं. बदल्यात दिवसभराचा चहा माझ्याकडे.

सगळ्यात आधी पायडलं. उजवं पायडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं आणि उजवीकडे फिरवून सुटतं. हे माहीत नसल्यानं माणसं डावं पायडल आणखी आवळून ठेवतात. धुऱ्यावर एल आणि आर ही अक्षरं असतात, बसवताना ती बघा.

मग कॉटर पिन. जुन्या सायकलीचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धुऱ्यावर या तिरप्या कापलेल्या पिनेनं अडकवलेला असतो. चालवताना पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक’ असा आवाज येतो ना, बहुतेक वेळा तो हिचाच. लोक चेनला तेल घालत बसतात आणि टक तशीच राहते.

पिन काढताना मी नट काढून टाकला आणि हातोडी उचलली. मामांनी हात धरला.

“सर, आधी खाली आधार द्या, मग ठोका. अशी वाकली तर भोकातच ऱ्हाईल, बाहेर न्हाई यायची.”

त्यांनी लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा क्रँकखाली उभा धरला. पिनेचं जाड टोक पाइपच्या पोकळीत उतरेल असा. नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या आट्यांच्या टोकाबरोबर येईल एवढा ठेवायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. मग एकच ठोका, पण ठाम. वीस हलके ठोके मारले की पिन फुगते. मामांची पिन पहिल्या ठोक्यात सुटली. माझ्या बाजूची चौथ्यात सुटली आणि कचऱ्यात गेली.

नव्या पिना बसवताना दोन्हींची तोंडं एकमेकींच्या उलट दिशेला हवीत. एका क्रँकची पिन वरून खाली गेली असेल, तर दुसरा क्रँक फिरवून त्याच जागी आणल्यावर त्याचीही पिन वरून खाली गेलेली दिसली पाहिजे. चुकलं तर दोन पायडलं एका सरळ रेषेत येत नाहीत आणि चालवताना लंगडल्यासारखं वाटतं. पिनांची जाडी एकच नसते, म्हणून जुनी पिन खिशात घालूनच दुकानात जा. छर्ऱ्यांचंही तेच.

धुऱ्याची नळी उघडताना खाली जुनं ताट ठेवा. छर्रे सुटून पळतात. डाव्या बाजूचा कप, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, काढायचा, उजवा जागेवर राहू द्या. तो उलट्या आट्यांचा असतो आणि नव्या माणसानं त्याच्या नादी लागू नये. जागेवरच डिझेलच्या फडक्यानं पुसा आणि टॉर्चनं बघा. कप आणि धुरा गुळगुळीत चकचकीत हवेत. खड्डे पडले असतील तर बदला, ग्रीसनं खड्डे भरत नाहीत. मोजणीचा ढोबळ हिशेब असा : धुऱ्याला पाव इंची ११ छर्रे एका बाजूला, मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, पाव इंची ९, पुढच्या हबला ३/१६ इंची १०. छर्रे सगळे नवेच घाला. सायकलीत सगळ्यात स्वस्त वस्तू ती, आणि फरक सगळ्यात मोठा. कोन, म्हणजे हबमधले छर्रे दाबून धरणारा निमुळता नट, आवळताना चाक हातानं हलवून बघा. खडखड नको आणि अडखळणंही नको. चाक सोडून दिल्यावर जड बाजू, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हची बाजू, आपोआप खाली येऊन झुलत थांबली की जमलं.

माझ्या बाबांच्या सायकलीचं कॅरिअर काढलं तेव्हा मडगार्डवर तळहाताएवढा पिवळा डाग दिसला. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. नमुन्याची पिशवी रोज त्या जागी घासायची. पुराच्या पाण्यात चार दिवस राहूनही तो गेला नव्हता. मामा म्हणाले, “ह्याला हात लावू नका.” मी लावला नाही.

चेन मोजायला साधी पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. १/१६ इंच वाढली असेल तर बदला. १/८ इंच वाढली असेल तर तिनं फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात, मग दोन्ही बदला, नाहीतर नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारेल.

फ्रीव्हील बदलताना एक हळूच फायदा उकळता येतो. काळ्या सायकलीला बहुधा पुढं ४४ दात आणि मागं १८ असतात, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर. तरुण पायांना ठीक. मागं २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं तर तेच अंतर साडेचार मीटर होतं आणि उड्डाणपुलावर गुडघे दुखत नाहीत. बाहेरून कुणाला काही कळत नाही. चेनला मात्र दोनेक कड्या जास्त लागतील.

टायरचा घोळ

नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, कारण दुकानात ‘२८ चा द्या’ म्हटलं की दोन वेगळे टायर हातात पडू शकतात. काळ्या सायकलीचा टायर २८ × १ १/२. हल्लीच्या हायब्रीड आणि रेसिंग सायकलींना ७०० सी म्हणतात, त्यालाही कधी कधी २८ लिहितात. दोन्ही एकमेकींच्या रिमवर बसत नाहीत. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, त्यातला दुसरा बघा. काळ्या सायकलीचा ६३५, ७०० सीचा ६२२.

२६ मध्ये तर आणखी गोंधळ. बारीक टायरच्या जुन्या स्पोर्ट्स सायकलींचा २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. २६ × १ १/२ म्हणजे ५८४. रेंजरसारख्या जाड टायरच्या सायकलीचा २६ म्हणजे ५५९. तिन्ही ‘सव्वीस’च. जुना टायर वाचता येत नसेल तर तोच कापून, खांद्यावर टाकून दुकानात घेऊन जा. लाजायचं कारण नाही.

ट्यूबला जुनी वॉलट्यूब पद्धत असेल तर ती रबरी नळी दर पावसाळ्याआधी बदला. हवा सारखी कमी होते म्हणून पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते बघा. हे आपण आठवीत असताना करायचोच.

ब्रेक

रॉड ब्रेक, म्हणजे केबलऐवजी सळ्यांनी ओढला जाणारा ब्रेक, दिसायला सुंदर, पण मर्यादा ओळखून चालवा. त्याची रबरं रिमच्या बाजूला घासत नाहीत, आतून, म्हणजे तारांच्या बाजूनं वर ओढली जातात. त्यामुळे चाक थोडं आऊट असलं तरी ब्रेक चालतो. उलट पोलादी रिम भिजली की तो जवळजवळ लागतच नाही. पावसाळ्यात ब्रेक आधी एकदा हलका दाबून रिम पुसून घ्या, मग खरा दाबा, आणि पुढच्या गाडीपासून रिक्षाएवढं अंतर ठेवा. रबर आणि रिम यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा हवी. सळ्यांच्या जोडावरचा नट सैल करून ती कमी-जास्त करता येते.

रंगाच्या बाबतीत माझं ऐका

आता वाया गेलेल्या सायकलीची गोष्ट. ती चुलत्यांची होती. चेनकव्हरवर पेंटरनं पांढऱ्या रंगात त्यांचं नाव लिहिलेलं, खाली गावाचं नाव आणि शेजारी एक कमळ. मडगार्डवर सोनेरी रेघा. मी उत्साहात ती एका रंगवाल्याकडे दिली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती. ‘सगळं नवं करून द्या’ असं मीच म्हणालो. त्यांनी वाळूचा मारा करून सगळं खरवडलं, बिल्ल्याचे रिव्हेट तोडून बिल्ला हरवला आणि सायकल मोटारसायकलीसारखी चकाचक काळी करून दिली. चुलते बघायला आले. सायकलीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “नवीन घेतलीस होय रे?”

म्हणून रंग शेवटी करा, खरं तर करूच नका. मऊ फडकं, साबणाचं पाणी, मग गाडीला लावतात ते वॅक्स पॉलिश. काळा रंग आतून वर येतो. हँडल आणि रिमच्या क्रोमवरचा गंज काढायला स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, क्रोमला ओरखडा न पडता तांबूस ठिपके निघतात. पॉलिश पेपर लावू नका. उघड्या पडलेल्या जागी तेलाचं बोट फिरवा, पुरे.

डायनामो असेल तर ठेवा. सहा व्होल्ट, तीन वॉटचा असतो. पण रात्री त्याच्या भरवशावर राहू नका, कारण सिग्नलला थांबलात की दिवाही थांबतो. मागं चार्जिंगचा छोटा लाल एलईडी दिवा लावा.

नवीच घ्यायची असेल तर

सगळ्यांना हे उद्योग जमणार नाहीत, आणि त्यात कमीपणा नाही. काळी रोडस्टर अजून नवी मिळते, ती बंद झालेलीच नाही. फक्त शोरूमच्या दर्शनी भागात नसते, मागच्या गोदामात पुठ्ठ्यात गुंडाळलेली असते, विचारावं लागतं. खेड्यातून आलेलं गिऱ्हाईक ती आजही घेतं. आणि नवी घेतली तरी घरी आणल्यावर हब उघडून ग्रीस बघा. कारखान्यातून बऱ्याचदा ते नावापुरतं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे जुन्या वळणाच्या नव्या सायकली. मागं वळलेलं हँडल, स्प्रिंगचं तपकिरी सीट, फिकट हिरवा किंवा क्रीम रंग. फोटोत सगळ्या छान दिसतात. घेताना तीन गोष्टी बघा : चेनकव्हर खरोखर चेन झाकतं की नुसती पट्टी आहे, मडगार्ड पूर्ण लांबीचे आहेत की शोभेचे, आणि मागं कॅरिअर बसवायला फ्रेमवर भोकं आहेत का. धोतर, साडी, सलवार आणि सांगलीचा पाऊस या सगळ्यांचा विचार करून जुनी सायकल घडलेली होती. नव्यांपैकी बऱ्याच जणींनी तो केलेला नसतो.

पुनरागमनाची हौस जगभर आहे. इंग्लंडमध्ये रॅलेनं १९६९ मध्ये चॉपर नावाची मुलांची सायकल काढली होती. पुढचं चाक लहान, मागचं मोठं, लांबट सीट, उंच हँडल, आणि गिअरचा दांडा गाडीतल्यासारखा नळीवर. तीच त्यांनी २०२३ मध्ये जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा काढली, ९५० पौंडांना. पन्नाशीतले लोक तुटून पडले. मला ती आवडते, पण त्या पैशात मामा आख्ख्या गल्लीच्या सायकली उभ्या करतील.

कुणी जुन्या सायकलीला बॅटरीची मोटार बसवतात. कायद्यानं २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असेल तर ती मोटारवाहनात धरली जात नाही, लायसन्स लागत नाही. पण हा वेग घेऊन रॉड ब्रेकवर थांबायचं म्हणजे नशिबाची परीक्षा. मोटार बसवायची तर पुढचा ब्रेक आधी बदला, आणि वडिलांच्या सायकलीवर हे करू नका.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी मिरजेला निघू नका. सायकल वीस किलोच्या आसपास भरते आणि तुमचे पाय वीस वर्षं स्कूटरवर होते. सकाळी सहाला हरिपूरला जा. रस्ता ओळखीचा, चढ नाही, शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. निघताना खिशात दोन पाने ठेवा, १०-११ चा आणि चाकाच्या नटाचा. अर्ध्या वाटेवर थांबून दोन्ही चाकांचे नट, सीटचा बोल्ट आणि हँडलचा बोल्ट हातानं तपासा. नव्यानं बसवलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या काही किलोमीटरांत थोडी सैल होते.

सीट सुरुवातीला दोन बोटं खाली ठेवा, दोन्ही पाय टेकतील इतकी. आठवडाभरानं वर करा. आणि चढताना उजवा पाय मागून फिरवायची जुनी सवय कमरेला विचारूनच वापरा. मी विचारलं नव्हतं, आणि देवळासमोर फुलांच्या टोपलीवर सायकलीसकट बसलो. फुलवाल्या मावशींनी झेंडूचे पैसे घेतले नाहीत. “बाबांचीच न्हवं का ही?” एवढंच म्हणाल्या. त्यांनी कॅरिअर ओळखलं होतं.

परत आल्यावर क्रँक हलवून बघा. टक आवाज येत असेल तर कॉटरला पुन्हा एक ठोका देऊन नट आवळा. पन्नासेक किलोमीटर झाले की आणखी एकदा. पिन जागेवर बसायला तेवढं लागतंच. खाली पाइपचा तुकडा धरायला विसरू नका.